लिनक्स कर्नलमधील रिग्रेशन

लिनक्स कर्नलच्या एका आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट पुढच्या आवृत्तीत बिघडली, तर त्या बिघाडाला रिग्रेशन म्हणतात. ध्वनी बंद पडणे, झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा जागा न होणे, संगणक सुरू होताना मध्येच अडकणे, एखादे काम पूर्वीपेक्षा बरेच सावकाश होणे किंवा जुना प्रोग्रॅम अचानक चालेनासा होणे हे सर्व प्रकार त्यात मोडतात. जे कधीच चालत नव्हते ते रिग्रेशन नव्हे. तो साधा दोष, म्हणजे बग होय. हा भेद केवळ शाब्दिक नाही. रिग्रेशनचा शोध घेणाऱ्याच्या हाती एक चांगली आवृत्ती, एक बिघडलेली आवृत्ती आणि त्या दोहोंमधील प्रत्येक बदलाची नोंद असते. त्यामुळे कर्नलच्या अंतरंगाची फारशी माहिती नसलेला वापरकर्ताही बिघाडास निमित्त ठरलेल्या नेमक्या बदलापर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी रूढ असलेल्या पद्धतीला बायसेक्शन किंवा द्विभाजन म्हणतात.

द्विभाजनाने सापडलेला बदल आणि मूळ चूक या एकच गोष्टी असतील असे मात्र नाही. २०१९ मध्ये कर्नलच्या ५.३ या आवृत्तीत एक निर्दोष बदल याच कारणाने मागे घ्यावा लागला. ते उदाहरण या लेखात विस्ताराने दिले आहे.

पार्श्वभूमी

कर्नल हा संचालन प्रणालीचा गाभा असतो. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क व इतर उपकरणे यांचा ताबा त्याच्याकडे असतो आणि बाकीचे सर्व प्रोग्रॅम सिस्टिम कॉलद्वारे त्याच्याकडे काम मागतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलची नवी मुख्य आवृत्ती सध्या दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. या चक्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल सामावून घेतले जातात. पुढील सुमारे सात आठवडे केवळ दुरुस्तीसाठी असतात आणि त्या काळात दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती प्रसिद्ध होते. एका चक्रात साधारणपणे १२ ते १५ हजार बदल होतात. अशा प्रत्येक बदलाच्या नोंदीला कमिट म्हणतात. हे काम दीड-दोन हजार विकासकांचे असते आणि त्यांपैकी बहुतेकांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नसतो.

एवढ्या बदलांची सर्व प्रकारच्या यंत्रांवर आधी चाचणी घेणे अशक्य आहे. विकासकाजवळ मोजकीच यंत्रे असतात, तर कर्नल मनगटी घड्याळापासून महासंगणकापर्यंत सर्वत्र चालतो. एखाद्या विशिष्ट लॅपटॉपच्या विशिष्ट फर्मवेअरवरच दिसणारा बिघाड तो लॅपटॉप वापरणाऱ्यालाच प्रथम कळतो. म्हणूनच रिग्रेशनच्या शोधात वापरकर्त्याचा सहभाग ही सौजन्याची बाब राहत नाही, ती गरज ठरते.

‘रिग्रेशन नको’ हा नियम

लिनक्सच्या विकासात एक नियम इतर सर्व नियमांच्या वर मानला जातो. कर्नल अद्ययावत केल्यामुळे वापरकर्त्याचे चालू असलेले काम बंद पडता कामा नये. नवा बदल तर्कदृष्ट्या योग्य असला, प्रोग्रॅमने कर्नलचा वापर चुकीच्या पद्धतीने केलेला असला, किंवा प्रोग्रॅम कर्नलमधील जुन्या चुकीवरच विसंबून असला, तरी नियम बदलत नाही. प्रोग्रॅम आधी चालत होता आणि आता चालत नाही, एवढेच पाहिले जाते.

डिसेंबर २०१२ मध्ये दृक्श्राव्य उपकरणांशी संबंधित एका बदलाने कर्नलकडून परत येणारा त्रुटी-संकेतांक बदलला आणि काही प्रोग्रॅम बिघडले. दोष प्रोग्रॅमचा आहे असे सुचवणाऱ्या विकासकाला टोरवाल्ड्स यांनी अत्यंत कठोर शब्दांत सुनावले. आपल्या अशा भाषेबद्दल त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली. नियम मात्र जसाच्या तसा राहिला.

नियमाला मर्यादाही आहेत. कर्नलच्या आतील भागांनी परस्परांशी बोलण्याची पद्धत केव्हाही बदलू शकते. त्यामुळे मुख्य कर्नलबाहेर विकसित होणारे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालेनासे झाले, तर ते रिग्रेशन धरले जात नाही. तसेच कोणाच्याही लक्षात न आलेला बदल नियमाचा भंग मानला जात नाही. वीस वर्षे कोणी न वापरलेली सुविधा काढून टाकता येते. दुसऱ्या दिवशी एखाद्याने तक्रार केली, तर ती परत आणावी लागते.

शोधाची पूर्वतयारी

कर्नल बदलला त्याच दिवशी बिघाड दिसला म्हणून दोष कर्नलचाच असेल असे नाही. लिनक्स वितरणांच्या एकाच अद्यतनात कर्नलसोबत फर्मवेअर, ग्राफिक्स ग्रंथालये आणि इतर कितीतरी गोष्टी बदलतात. सुदैवाने बहुतेक वितरणे जुना कर्नल लगेच काढून टाकत नाहीत, आणि संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून तो निवडता येतो. बाकी सर्व तेच ठेवून जुन्या कर्नलवर बिघाड नाहीसा होतो आणि नव्यावर पुन्हा येतो, हे आधी पाहावे लागते. ही साधी तपासणी वगळल्यामुळे वाया गेलेल्या शोधांची संख्या लहान नसावी.

यानंतर वितरणाचा कर्नल बाजूला ठेवून मूळ कर्नलवर बिघाड दिसतो का, हे तपासतात. वितरणे आपले स्वतःचे पॅच जोडत असल्यामुळे चूक तेथेही असू शकते. बाहेरून जोडलेले ड्रायव्हर काढून टाकले जातात, कारण ते असताना केलेली तक्रार कर्नलचे विकासक सहसा विचारात घेत नाहीत. नव्या कर्नलच्या बांधणीत एखादा पर्याय नकळत चालू किंवा बंद झाला नाही ना, हेही पाहिले जाते. जुन्याच पर्यायांनी बांधलेला नवा कर्नल नीट चालला, तर शोधाची दिशा बदलते.

काही वितरणे जुन्या-नव्या अनेक आवृत्त्यांचे तयार कर्नल उपलब्ध ठेवतात. ते एकेक करून चालवून पाहिल्यास स्वतः काहीही न बांधता बिघाड कोणत्या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान आला, हे ठरवता येते.

द्विभाजन

शब्दकोशात शब्द शोधताना कोणी पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधले पान उघडून शब्द त्याच्या आधी आहे की नंतर, हे पाहिले जाते आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच केले जाते. द्विभाजनाचे तत्त्व हेच आहे. चांगली व बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमध असलेला कमिट घेऊन त्या स्थितीतील कर्नल बांधायचा, तो चालवून पाहायचा आणि उत्तरानुसार अर्धे कमिट वगळायचे. दोनचा चौदावा घात १६,३८४ असल्यामुळे १४ हजार कमिटमधून एक निवडण्यास सुमारे १४ फेऱ्या पुरतात.

कर्नलसाठी हे काम गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतील ‘बायसेक्ट’ ही आज्ञा करते. गिटची निर्मितीही टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये केली. त्याआधी वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीचा मोफत परवाना काढून घेतला गेला होता. बायसेक्ट त्याच वर्षी गिटमध्ये आले. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. क्रे रिसर्च या महासंगणक बनवणाऱ्या कंपनीत कंपायलरमधील रिग्रेशन असेच शोधले जाई, आणि ब्रायन नेस व व्हिएत एन्गो यांनी १९९७ मध्ये त्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. गिटपूर्वी लिनक्सचे वापरकर्तेही आवृत्त्यांमागून आवृत्त्या बांधून असाच शोध घेत. फक्त त्यांना मिळणारे उत्तर एका कमिटऐवजी शेकडो बदलांच्या गठ्ठ्याशी थांबे.

प्रत्यक्षात शोधकर्ता बायसेक्टला एक ‘गुड’ आणि एक ‘बॅड’ आवृत्ती सांगतो. गिट मधला कमिट समोर आणून ठेवते. त्यापासून कर्नल बांधून संगणक त्यावर सुरू करायचा आणि पुन्हा ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचे. सर्वाधिक वेळ बांधणीत जातो. वितरणाच्या कर्नलमध्ये हजारो मॉड्यूल असतात आणि ती सर्व बांधण्यास साध्या लॅपटॉपवर काही तास लागू शकतात. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ हा पर्याय त्या क्षणी वापरात असलेलीच मॉड्यूल निवडतो, त्यामुळे हा वेळ काही मिनिटांवर येतो. तो वापरण्यापूर्वी नेहमीची सर्व यूएसबी उपकरणे जोडून ठेवावी लागतात. नाहीतर त्यांचे ड्रायव्हर यादीतून गळतात आणि नव्या कर्नलवर एक वेगळाच बिघाड समोर येतो.

नवख्यांना गोंधळात टाकणारी एक गोष्ट म्हणजे मधल्या फेऱ्यांतील आवृत्ती क्रमांक. ५.२ चांगली आणि ५.३ बिघडलेली असे सांगितल्यावरही एखाद्या फेरीत बांधलेला कर्नल स्वतःला ५.१ किंवा ५.२ ची चाचणी-आवृत्ती म्हणवतो. ही चूक नसते. कर्नलचा इतिहास सरळ रेषेत नाही. अनेक शाखा आधीच्या आवृत्त्यांपासून फुटून नंतर मुख्य प्रवाहात मिसळलेल्या असतात. गिट अशा एखाद्या शाखेच्या मध्यावर गेले की जुना क्रमांक दिसतो. क्रमांक पाहून ‘ही तर चांगलीच असणार’ असे न तपासता ठरवणे हा शोध भरकटण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

एखाद्या फेरीतील कर्नल बांधताच आला नाही किंवा वेगळ्याच कारणाने सुरू झाला नाही, तर ‘स्किप’ म्हणून तो वगळता येतो. असे फार वेळा झाले, तर शेवटी एका कमिटऐवजी काही संशयितांची यादी हाती येते. दिलेली सर्व उत्तरे नोंदवहीत राहत असल्यामुळे एखादे उत्तर चुकल्याचे नंतर लक्षात आल्यास तेथपर्यंत मागे जाता येते. आभासी यंत्रावर तपासता येणाऱ्या बिघाडासाठी हे काम पूर्णपणे स्वयंचलित करता येते. तपासणीचा प्रोग्रॅम ० परत देतो तेव्हा गिट तो कमिट चांगला मानते, १२५ दिल्यास वगळते आणि १ ते १२७ मधील इतर कोणत्याही अंकाला बिघडलेला ठरवते.

कमिट सापडल्यावर एक पडताळणी उरते. नव्यात नव्या कर्नलमधून तेवढाच बदल काढून टाकला तर बिघाड जातो का, हे पाहावे लागते. तो गेला, तर शोध बहुधा बरोबर आहे. न गेल्यास कोठेतरी चुकीचे उत्तर दिले गेले आहे, किंवा बिघाडास एकाहून अधिक बदल जबाबदार आहेत.

अनियमित बिघाड

प्रत्येक वेळी न दिसणारा बिघाड द्विभाजनाची खरी कसोटी पाहतो. यातील धोका एकतर्फी असतो. बिघाड दिसला तर कर्नल निश्चितच ‘बॅड’ असतो. न दिसल्यास तो ‘गुड’ असेल किंवा केवळ नशिबाने वाचलेला असेल. समजा, बिघडलेल्या कर्नलवर तीनपैकी सरासरी एका वेळी संगणक अडकतो. असा कर्नल पाच वेळा सुरू करूनही एकदाही न अडकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. १४ फेऱ्यांपैकी सात फेऱ्यांत कर्नल खरोखर बिघडलेला असतो असे धरल्यास कोठेतरी एकदा तरी चुकीचे ‘गुड’ दिले जाण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे दर फेरीत पाच वेळा संगणक सुरू करण्याचा खटाटोप करूनही अर्ध्याहून अधिक शोध भलत्याच कमिटपाशी संपतील. दर फेरीत दहा वेळा तपासल्यास ही शक्यता सुमारे ११ टक्के राहते आणि पंधरा वेळा तपासल्यास दोन टक्क्यांच्या खाली येते. एकही चुकीचे उत्तर पुढील सर्व फेऱ्या निरर्थक करते. म्हणून अशा बिघाडात आधी तो हमखास घडवून आणण्याची युक्ती शोधणे आणि मगच द्विभाजनाला हात घालणे शहाणपणाचे ठरते.

५.३ आवृत्तीतील घटना

सप्टेंबर २०१९ मध्ये ५.३ आवृत्ती प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर असताना एका विकासकाने आपला लॅपटॉप नव्या कर्नलवर सुरू होताना अडकतो, लॉगिनचा पडदा येतच नाही, अशी तक्रार केली. द्विभाजन त्याने स्वतःच केले होते. सापडलेला कमिट ईएक्सटी४ या फाइल प्रणालीतील होता आणि लॉगिनशी त्याचा वरकरणी काहीही संबंध नव्हता. फाइलींची माहिती ठेवणाऱ्या आयनोड तक्त्याचे आगाऊ वाचन करताना डिस्ककडे अनेक लहान विनंत्या जात. त्या एकत्र करून मोठ्या विनंत्या पाठवाव्यात एवढाच तो बदल होता. त्याने डिस्कचे काम हलके झाले. त्यात कोणतीही चूक नव्हती.

दुवा यादृच्छिक संख्यांचा होता. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी अंदाज न येणाऱ्या संख्या लागतात आणि कर्नल त्यासाठीची अनिश्चितता, म्हणजे एंट्रॉपी, उपकरणांकडून येणाऱ्या इंटरप्टच्या वेळांतील सूक्ष्म फरकांतून गोळा करतो. संगणक नुकताच सुरू झालेला असताना ही शिल्लक अपुरी असते. २०१४ मध्ये ३.१७ आवृत्तीत आलेला ‘गेटरँडम’ हा सिस्टिम कॉल शिल्लक पुरेशी होईपर्यंत मागणाऱ्याला थांबवून ठेवत असे. त्याच्या आधीपासून असलेले ‘यूरँडम’ कोणालाही थांबवत नसे आणि म्हणून सुरुवातीच्या क्षणांत धोकादायक होते. हा धोका काल्पनिक नव्हता. इंटरनेटवरील असंख्य राउटर व तत्सम उपकरणांनी सुरू होताच अपुऱ्या अनिश्चिततेतून किल्ल्या तयार केल्या असून त्यांपैकी कित्येक फोडता येतात, असे नादिया हेनिंगर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले होते. त्यातच २०१८ मध्ये, कर्नल आपली शिल्लक पुरेशी झाल्याचे फार लवकर जाहीर करतो, ही सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करण्यात आली. परिणामी ‘गेटरँडम’ची प्रतीक्षा आणखी लांबली आणि काही यंत्रे तेव्हाच अडकू लागली होती.

तक्रार केलेल्या लॅपटॉपवर ग्नोमच्या लॉगिन पडद्याशी संबंधित प्रोग्रॅम सुरुवातीलाच ‘गेटरँडम’कडे संख्या मागत असे. आतापर्यंत डिस्कच्या लहान लहान विनंत्यांमुळे भरपूर इंटरप्ट येत आणि शिल्लक वेळेत पुरी होई. नव्या बदलाने विनंत्या कमी झाल्या, म्हणून इंटरप्ट कमी झाले, म्हणून शिल्लक अपुरी राहिली. लॉगिनचा प्रोग्रॅम थांबला, आणि तो थांबल्यामुळे संगणकाला दुसरे काही करण्यासारखे उरले नाही. काही घडत नाही म्हणून अनिश्चितता जमत नाही, आणि ती जमत नाही म्हणून काही घडत नाही, असा तो फास होता. अशा वेळी कोणी कळा दाबल्या किंवा माऊस हलवला, तर इंटरप्ट निर्माण होऊन प्रतीक्षा संपू शकते. पण रिकाम्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला हे सुचण्याचे कारण नाही, आणि कळफलक नसलेल्या सर्व्हरसमोर तर कोणी बसलेलेही नसते.

चूक कोणाची, यावर मोठी चर्चा झाली. ईएक्सटी४ चा बदल योग्य होता. ‘गेटरँडम’ आपल्या वचनाप्रमाणे वागत होते. लॉगिनच्या प्रोग्रॅमला खरोखर एवढ्या उच्च प्रतीच्या संख्या इतक्या लवकर हव्या होत्या का, हा प्रश्न रास्त होता. पण तो प्रोग्रॅम कालपर्यंत चालत होता. ईएक्सटी४ आणि यादृच्छिक संख्यांचा विभाग या दोहोंची जबाबदारी त्या वेळी थिओडोर त्सो यांच्याकडे होती. कर्नलने थांबण्याचे सोडून कच्च्या संख्या देऊ केल्या, तर किल्ल्यांची सुरक्षितता धोक्यात येईल, अशी त्यांची भूमिका होती. उलट, सुरू होतानाच अडकणारा संगणक सुरक्षित म्हणण्यात अर्थ नाही, असे टोरवाल्ड्स यांचे म्हणणे होते. एका मर्यादित वेळेनंतर प्रतीक्षा संपवावी का, प्रोग्रॅमांसाठी वेगवेगळे पर्याय द्यावेत का, असे अनेक प्रस्ताव पुढे आले. यांपैकी कशाचाही निर्णय प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी घाईने घेण्यासारखा नव्हता.

१५ सप्टेंबर २०१९ रोजी टोरवाल्ड्स यांनी ईएक्सटी४ मधील तो बदल मागे घेतला आणि त्याच दिवशी ५.३ आवृत्ती प्रसिद्ध केली. मागे घेतलेल्या बदलात दोष नसल्याचे त्यांनी प्रसिद्धीच्या निवेदनात स्पष्ट केले आणि रिग्रेशनचा विचार कसा करावा, हे समजण्यासाठी ही घटना बोधप्रद असल्याचेही नमूद केले. बदल चांगला होता, पण तो पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकत होता. ज्याचा संगणक सुरू होत नाही त्याला थांबायला सांगता येत नव्हते.

५.४ आवृत्तीत मूळ प्रश्नाला हात घालण्यात आला. शिल्लक अपुरी असेल तर कर्नल आता नुसता वाट पाहत बसत नाही. टायमर आणि प्रोसेसरचा चक्र-मापक यांच्यातील अतिसूक्ष्म विसंगतींतून तो स्वतःच अनिश्चितता निर्माण करतो आणि बहुतेक यंत्रांवर हे काम फार थोड्या वेळात उरकते. त्याच आवृत्तीत ईएक्सटी४ चा मागे घेतलेला बदलही परत आला. या उपायाच्या सैद्धांतिक भक्कमपणाबद्दल सर्वांचे समाधान झाले असे नाही, आणि पुरेसा अचूक चक्र-मापक नसलेल्या यंत्रांवर तो लागूही पडत नाही. २०२२ मध्ये ५.१८ च्या तयारीच्या काळात ‘यूरँडम’नेही शिल्लक पुरी होईपर्यंत थांबावे, असा बदल करून पाहण्यात आला, तेव्हा अशाच काही यंत्रांची अनुकृती सुरू होताना अडकली आणि तोही बदल लगेच मागे घ्यावा लागला.

स्थिर शाखांतील रिग्रेशन

सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचतात त्या स्थिर व दीर्घकालीन शाखा. मुख्य कर्नलमधील निवडक दुरुस्त्या या जुन्या शाखांत आणून बसवल्या जातात. येथे रिग्रेशनचा एक वेगळा प्रकार संभवतो. मुख्य कर्नलमध्ये बरोबर असलेला बदल जुन्या शाखेत चुकीचा ठरतो, कारण तो ज्याच्या आधारावर उभा आहे तो आधीचा बदल तेथे नसतो.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ६.१.६४ मध्ये असेच झाले. ईएक्सटी४ मध्ये डिस्कवर थेट लिहिण्याच्या पद्धतीशी संबंधित एक दुरुस्ती त्यात घेण्यात आली, पण तिला आवश्यक असलेला दुसऱ्या विभागातील बदल ६.१ शाखेत नव्हता. त्यामुळे फाइलमधील चालू स्थानाचा हिशेब चुके आणि माहिती खराब होण्याची शक्यता निर्माण झाली. डेबियन या वितरणाची १२.३ ही अद्ययावत आवृत्ती डिसेंबरमध्ये निघण्याच्या बेतात होती आणि तिच्यात नेमका हाच कर्नल होता. ती रोखण्यात आली आणि दुरुस्त कर्नलसह १० डिसेंबर २०२३ रोजी थेट १२.४ प्रसिद्ध झाली. अडकलेला संगणक पुन्हा सुरू करता येतो, पण खराब झालेली फाइल परत मिळेलच असे नाही. म्हणून फाइल प्रणालीतील रिग्रेशनबाबत द्विभाजन करणाऱ्यांना स्वतःच्या कामाच्या डिस्कवर प्रयोग न करण्याचा सल्ला दिला जातो.

वेगातील घट

सर्व काही चालते पण सावकाश चालते, असे रिग्रेशन शोधणे अधिक किचकट असते. ‘चांगले’ आणि ‘बिघडलेले’ यांच्यात स्पष्ट रेषा नसते. एकाच कर्नलवरील दोन मोजण्यांतही फरक पडतो, आणि प्रोसेसर तापल्याने वेग कमी झाला तरी दोष कर्नलच्या माथी येऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत अनेक मोजण्या घेऊन आधीच ठरवलेल्या मर्यादेशी तुलना केली जाते.

२०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटीवरचा एक बचाव ४.२० च्या तयारीत सर्व प्रोग्रॅमांसाठी आपोआप चालू झाला. एकाच प्रोसेसर-गाभ्यावर चालणाऱ्या दोन धाग्यांना परस्परांच्या अंदाजयंत्रणेपासून वेगळे ठेवणे हा त्याचा हेतू होता. काही प्रकारच्या कामांचा वेग त्यामुळे ५० टक्क्यांपर्यंत घसरला. तोपर्यंत हा बदल ४.१९ च्या स्थिर शाखेतही पोहोचला होता. तेथून तो मागे घेण्यात आला. मुख्य कर्नलमध्ये हा बचाव काढून न टाकता मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमांपुरता मर्यादित ठेवण्यात आला. सुरक्षेच्या कारणास्तव वेगाचा काही तोटा कर्नलमध्ये अनेकदा स्वीकारला जातो, पण तो किती आणि कोणावर लादायचा, याचे ठरावीक माप नाही. दर वेळी त्यावर नव्याने वाद होतात.

नोंद व पाठपुरावा

रिग्रेशनची तक्रार संबंधित विभागाच्या देखरेखकाकडे आणि सापडलेल्या कमिटच्या लेखकाकडे पाठवली जाते. शेवटची चांगली आवृत्ती, पहिली बिघडलेली आवृत्ती, कमिटचा संकेतांक, कर्नलचे संदेश आणि बांधणीचे पर्याय एवढी माहिती तिच्यासोबत अपेक्षित असते. दुरुस्ती करणारा आपल्या कमिटमध्ये मूळ कमिटचा संकेतांक ‘फिक्सेस’ या शीर्षाखाली लिहितो. स्थिर शाखांची देखभाल करणाऱ्यांना त्यावरून कोणत्या शाखेत दुरुस्ती न्यायची हे कळते. तक्रार करणाऱ्याचे नावही कमिटमध्ये नोंदवण्याचा प्रघात आहे. ज्याने एक ओळही लिहिलेली नाही, अशा माणसाचे नाव या मार्गाने कर्नलच्या इतिहासात कायमचे राहते.

तक्रारी विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून त्यांची यादी ठेवण्याचे काम पूर्वी काही विकासक हाताने करत. हे काम कंटाळवाणे व अप्रिय असल्यामुळे ते मध्येमध्ये खंडित होई. २०२१ पासून जर्मन पत्रकार थॉर्स्टन लीमहुइस यांनी तयार केलेला ‘रेगझबॉट’ हा प्रोग्रॅम विकासकांचा पत्रव्यवहार वाचून नोंदवलेल्या रिग्रेशनचा माग ठेवतो. तक्रारीचा दुवा असलेली दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये आली की तो ती नोंद आपोआप बंद करतो.